सतरावं नाव

१२ सप्टेंबर
डकेट्स रन

पॉलेट,

तुझं काचेचं भांडं माझ्याकडे राहिलं आहे. नाताळात कोबी-नूडल्सची हलुश्की आणली होतीस ते, निळ्या झाकणाचं. कोबीचा वास अजून गेलेला नाही, पण भांडं धड आहे. दवाखान्यात माझ्या टेबलाखाली ठेवते. येता-जाता घेऊन जा. एवढंच लिहायचं होतं.

आता एवढंच असतं तर मी तिकीट लावून पत्र पाठवलं नसतं, हे तुलाही कळतं. फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतेस. पत्रात मी ओरडले तरी तुझ्या कानाला त्रास नाही.

आज सकाळी कामावर येताना हॅलोवे हायस्कूलच्या भिंतीवर नवा फलक दिसला. कापडी आहे, छतापासून खालपर्यंत. तू रोज त्यावरून जातेस, म्हणजे पाहिला असशीलच. ‘राष्ट्रीय शिष्यवृत्ती चाचणीत देशात अव्वल: आमचे सतरा.’ खाली सतरा नावं, आडनावाच्या क्रमाने. सगळ्यांत शेवटी, जमिनीपासून हातभर उंचीवर, लिडिया व्हार्गो.

मी चौकात गाडी थांबवली ती थांबवलीच. मागचा माणूस हॉर्न वाजवून दमला.

‘आमचे.’ पॉलेट, तुझी भाची त्यांची कधी झाली? जानेवारीत त्यांनीच मला लेखी दिलंय की ही मुलगी हॅलोवेच्या हद्दीत राहत नाही, सबब ती ह्या शाळेची विद्यार्थिनी कधीच नव्हती. ‘कधीच नव्हती’ हे त्यांचे शब्द आहेत. अकरावीच्या मध्यावर तिला दप्तर आवरायला लावलं, तिच्या कपाटाचं कुलूप शिपायानं कापलं, आणि ती तिथं असताना ऑक्टोबरात दिलेल्या चाचणीचा निकाल आला तशी ती पुन्हा त्यांची झाली.

कालच्या ‘हेरल्ड’मध्ये शाळांच्या अधीक्षकांची मुलाखत आहे. मथळा: ‘हॅलोवेच का?’ दरीतल्या इतक्या शाळा-हद्दींमध्ये अव्वल मुलं ह्यांच्याकडेच का निघतात, असा प्रश्न. डॉ. बील्स म्हणतात, आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर चर्चा होतात. पालक वाचतात. मुलांमध्ये जिज्ञासा असते.

मी सात वर्षं दातांच्या दवाखान्यात काउंटरमागे बसून हॅलोवेच्या पालकांच्या चर्चा ऐकते आहे. परवाचीच सांगते. दोन आया शेजारी बसलेल्या.

“आमच्या ग्रेसनला चाचणीत दीडपट वेळ मंजूर झाला. तुमच्या कॉनरला?”

“आम्ही उशिरा जागे झालो हो. डॉक्टरांची तारीखच मिळत नाहीये.”

“माझं नाव सांगा. पटकन देतात. एकाग्रतेचा त्रास आहे असं लिहून देतात.”

“पण कॉनरला तसा काही त्रास नाही.”

“परीक्षेचा आहे की!”

दोघी खूप हसल्या. मीही हसले, कारण मला तिथं पगार मिळतो.

वर हॅलोवेत मुलं आठवीपासून दरवर्षी सराव चाचणी देतात. शाळेच्या वेळात, फुकट, आणि आधी गरम नाश्ता. जेव्हा खरी चाचणी येते तेव्हा ती पोरांना शेजारच्या काकूइतकी ओळखीची असते. इथं खाली, डकेट्स रनला, ती ज्याला हवी त्यानं स्वतः विचारायची, आणि शनिवारी दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊन द्यायची. शनिवारी बस नसते. विचारायचं हेच बहुतेकांना माहीत नसतं. मग कोण अव्वल येणार, ते सांगायला वर्तमानपत्र कशाला हवं? आणि बील्ससाहेबांनी एक कारण सांगायचं राहून गेलं. जी मुलं हद्दीबाहेरची वाटतात त्यांच्या घरासमोर गाडीत बसून फोटो काढणारा माणूस त्यांनी पगारावर ठेवलाय.

तुझी घरविक्रीची पत्रकं आमच्या काउंटरवर आलीत. सुंदर घर आहे, बागेत गुलाब आहेत आणि वर मोठ्या आकड्यात ‘१७’. त्या सतरांत लिडिया आहे, हे पत्रक छापायला देताना तुझ्या लक्षात आलं होतं का, एवढंच विचारते.

भांडं टेबलाखाली आहे.

इव्हॉन


२० सप्टेंबर

पॉलेट,

तुझं कार्ड मिळालं. लिडियासाठी अभिनंदन पाठवलंस, ते तिला दिलं. मला लिहिलंस ते एकच वाक्य: ‘मला विचारलं आणि मी खरं सांगितलं.’

बरं. मग खऱ्याचंच बोलू.

हो, मी खोटा पत्ता दिला. नववीच्या प्रवेशाच्या वेळी ‘मुलगी मावशीकडे राहते’ असं मी लिहिलं आणि तू खाली सही केलीस. किल्ली तूच दिलीस, ‘कुणी विचारलं तर दाखव’ म्हणून. तुझा नवरा वॉरन तेव्हा म्हणाला होता, “एक पोरगी जास्त झाली तर हॅलोवे बुडणार आहे का?” त्याला आठवतं का विचार.

आणि सापडलो कशामुळे? लिडियामुळे नाही, तुझ्यामुळेही नाही. बर्फ पडला म्हणून. जानेवारीच्या त्या वादळानंतर मी सकाळी उठून घरासमोरची गाडीची जागा फावड्यानं उपसली आणि आईची खुर्ची आणून मध्ये ठेवली. स्टीलच्या पायांची, पिवळ्या रेक्झिनची, बाबांनी चिकटपट्टी लावलेली. ठेवताना मी विचारसुद्धा केला नाही. जन्मभर आपण हेच करत आलो. ज्यानं बर्फ उपसला त्याची जागा, आणि जागा कुणाची ते खुर्ची सांगते. ज्या घरात राहत नाही त्या घरासमोर कुणी खुर्ची ठेवत नाही.

त्या फोटोवाल्यानं नेमकी तीच टिपली. तो खालचाच असणार. वर सगळ्यांना गॅरेज आहेत. तिथल्या माणसाला रस्त्यातली खुर्ची म्हणजे कचरा वाटला असता.

शाळेच्या सुनावणीत त्यांनी तो फोटो आधी मला दाखवला नाही, तुला दाखवला. “मिसेस केस्लर, ही खुर्ची ओळखता?” तू ‘माहीत नाही’ म्हणू शकली असतीस. ‘खुर्चीसारखी खुर्ची’ म्हणू शकली असतीस. तू म्हणालीस, “आमच्या आईची आहे.” आणि वर, “आता इव्हॉनकडे असते.” ते तर त्यांनी विचारलंही नव्हतं, पॉलेट.

असो. आज लिहायचं कारण वेगळं आहे.

लिडियाच्या इथल्या शाळेत मिस्टर पो म्हणून समुपदेशक आहेत. सहाशे मुलांना एकटे. काल त्यांनी मला फोन केला. म्हणाले, “मिसेस व्हार्गो, मी जरा खजील आहे. ह्या शिष्यवृत्तीच्या शेवटच्या फेरीचे कागद कसे असतात ते मी कधी पाहिलेच नाहीत. आमच्याकडून इथपर्यंत कुणी पोचलंच नाही.” मग त्यांनी चौकशी केली. नियम असा आहे की कागद जिथं चाचणी दिली त्या शाळेकडे येतात. मूल शाळा बदलून गेलं असेल तर त्या शाळेनं एक ओळ लिहून द्यायची, ‘ही आता आमची विद्यार्थिनी नाही’, आणि कागद पुढे पाठवायचे. एक ओळ. पो यांनी हॅलोवेला फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, “लिडिया ना? ती आमच्याच यादीत आहे.”

“पण ती माझ्यासमोर बसली आहे,” पो म्हणाले.

“मग तिला आमचं अभिनंदन सांगा,” ती म्हणाली.

मुदत पंधरा ऑक्टोबर आहे. त्या दिवशी कागद पोचले नाहीत तर लिडिया बाद. कॉलेजचं सगळं त्यावर आहे, हे तुला सांगायला नको.

तुझी तिथं ओळख आहे म्हणून सांगितलं. मागत काही नाही.

इव्हॉन


२९ सप्टेंबर

पॉलेट,

हे तू काय केलंस?

मंगळवारी अधीक्षकांच्या कचेरीतून बोलावणं आलं. लिडियाला घेऊन गेले. सुनावणीचीच खोली, तेच लांब टेबल. ह्या वेळी बिस्किटं होती.

बील्स उठून उभे राहिले. “मिसेस व्हार्गो, गेल्या हिवाळ्यात जे झालं ते दुर्दैवी होतं.”

“झालं नाही. तुम्ही केलंत.”

“आपण पुढे बघू या,” ते म्हणाले. “तुमच्या बहिणीशी माझं बोलणं झालंय.”

मग त्यांनी बेत सांगितला. तुझ्याकडे वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. लिडियाला तिथं खरोखर राहता येईल. पालकत्वाचे कागद त्यांचे वकील करून देतील. मुलगी इथंच बारावी करील, शिष्यवृत्तीचे कागद इथूनच जातील. “सगळ्यांचंच भलं,” असं म्हणून त्यांनी बिस्किटांची बशी लिडियाकडे सरकवली.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर कागदांबाबत वकिलांचं मत घ्यावं लागेल. त्याला वेळ लागतो.”

“पंधराला मुदत आहे.”

“म्हणूनच म्हणतो.”

लिडियानं बिस्किटांवरून नजर उचलली. ती म्हणाली, “सर, ते कागद माझ्या नावाचे आहेत ना?”

“अर्थात.”

“मग ते तुमच्याकडे कसे?”

बील्स माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. “पाहिलंत? हीच ती जिज्ञासा. ही आमच्याकडच्या मुलांची ओळखच आहे.”

मला वाटलं होतं मी टेबल उलटं करीन. केलं नाही. बिस्किटही घेतलं नाही. लिडियानं दोन घेतली, ती सतरा वर्षांची आहे.

बाहेर आल्यावर तिनंच मला सांगितलं की शेजारच्या ब्रूकडेल शाळेचे ह्या वर्षी सोळा आहेत. म्हणजे ती धरून हॅलोवे पहिलं, ती वजा करून बरोबरीत. एवढ्यासाठी हा सगळा पुळका. जानेवारीत माझी मुलगी त्यांच्या शाळेत चोरून बसलेली होती. आता तिच्याविना त्यांचा आकडा लंगडा होतोय, म्हणून तिला राहायला खोलीसुद्धा मिळते, आणि खोली तू देतेस.

मला न विचारता. माझ्या मुलीचं पालकत्व. तू चांगल्या मनानं केलं असशील, हे मला कळतं, आणि त्यानंच जास्त संताप येतो. वाईट मनानं केलं असतंस तर मी ते भांडं कधीच फोडलं असतं.

इव्हॉन


५ ऑक्टोबर

पॉलेट,

लिडिया रविवारी तुझ्याकडे येऊन गेली. मला म्हणाली होती की वाचनालयात जाते. संध्याकाळी आली तर अंगाला तुझ्या घरातल्या दालचिनीच्या मेणबत्तीचा वास.

“खोली पाहिलीस?” मी विचारलं.

“छान आहे. खिडकीजवळ टेबल ठेवलंय मावशीनं.”

“जायचंय तुला?”

“खोली छान आहे म्हटलं.”

“मी खोलीचं विचारत नाहीये.”

ती फ्रिजला टेकून उभी राहिली, अगदी आपली आई उभी राहायची तशी. “आई, तू मला तिथं खोटं बोलून पाठवत होतीस. पहाटे उठवून, अंधारात, मावशीच्या दारात उतरवून. आता खरं बोलून जाता येतंय, तर तू आडवी का येतेस?”

मी पातेलं घासायला घेतलं. स्वच्छ होतं, तरी घासलं. मग म्हटलं, “बरं, जा.”

“जात नाही.”

“का?”

“तुझ्यामुळे नाही हं, लगेच रडू नकोस.” तिनं फ्रिज उघडला, बंद केला. “तिथं मला कॅल्क्युलस शिकवायला माणूस होता. इथले सर निवृत्त झाल्यावर वर्गच बंद केला, म्हणून मी कॉम्प्युटरवर शिकते. तिथं सोपं आहे हे खोटं नाही. तिथं आठवीपासून शिकवतात म्हणून मी चाचणीत आले, हेही खोटं नाही. आले असते का इथून? मला नाही वाटत. पण परवा वर्गातली रोशेल मला म्हणाली, ‘ती चाचणी कुठे मिळते गं? तुझ्या त्या शाळेतच असते का?’ मिळते! जशी काही दुकानात ठेवलीय. आणि रोशेल माझ्यापेक्षा हुशार आहे, आई. गणितात तर आहेच.”

“मग?”

“मग मी वर गेले की फलक खरा होईल. बील्ससर सांगत फिरतील, बघा, आमच्याकडेच निघतात. आणि रोशेलला वाटणार, खरंच तिकडेच निघत असतील.”

मी जेवायला वाढलं.

आता मुद्द्याचं. मिस्टर पो यांनी तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. आमच्या मुख्याध्यापिका मिसेस टिब्स स्वतः गाडी चालवत वर गेल्या, त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. म्हणाल्या, “ह्या वयात मला कुणी कचेरीबाहेर बसवेल असं वाटलं नव्हतं.” शिष्यवृत्तीवाल्यांना फोन केला. ते म्हणतात, शाळांनी आपसात ठरवावं.

नऊ तारखेला, मंगळवारी, हॅलोवेच्या शाळा-बोर्डाची जाहीर सभा आहे. मी बोलण्यासाठी नाव द्यायला फोन केला.

“पत्ता?” तिथली बाई म्हणाली.

मी माझा पत्ता सांगितला. खरा.

“क्षमा करा, फक्त रहिवाशांना बोलता येतं.”

“विषय माझ्या मुलीचा आहे.”

“तुम्ही मागे बसून ऐकू शकता.”

तर पॉलेट, तू रहिवासी आहेस. तुला तीन मिनिटं मिळतात.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. त्या बोर्डावरच्या निम्म्या लोकांनी घरं तुझ्याकडून घेतलीत, आणि उरलेले कधीतरी विकतील. तुझं दुकान त्या सतरावर चालतं. शिवाय तू प्रवेशाच्या कागदावर सही केलेली आहेस. कुणीतरी ते काढेल आणि म्हणेल, बाई, तुम्हीच खोटं लिहून दिलंत. मिंधेपणा मला जमत नाही, म्हणून पहिल्या पत्रात भांड्याबद्दल लिहिलं. मागायचं हेच होतं. तेव्हा मुदतीचं माहीत नव्हतं, तरी तू कुठेतरी उभं राहून माझ्या बाजूनं काहीतरी बोलावंस, हेच मागायचं होतं.

नाही आलीस तर मी मागे बसून ऐकेन.

इव्हॉन


११ ऑक्टोबर

पॉली,

तू पुढे होतीस, तुला फक्त बोर्डाची तोंडं दिसली. मागून काय दिसलं ते लिहिते.

लिडिया आणि मी शेवटच्या रांगेत. शेजारी मिसेस टिब्स टोपी घालून, चर्चला यावं तशा. पो उभेच होते, त्यांना बसवेना. सुरुवातीला बील्सनी पडद्यावर सतरा फोटो दाखवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिडियाचा दहावीतला फोटो होता, दातांना तारा असलेला. ती मला म्हणाली, “दुसरा नव्हता का ह्यांच्याकडे?” मग कुणी फुटबॉलच्या मैदानाजवळच्या पार्किंगवर बोलला, कुणी कँटीनमधल्या शेंगदाण्यांवर. मी दाराकडे बघत होते. तू दिसत नव्हतीस. मला वाटलं, नाही आली. म्हणजे मी तुला पुढच्या पत्रात काय काय लिहायचं ते मनात जुळवायलाही लागले होते, आणि ते फार वाईट होतं.

मग नाव पुकारलं आणि तू पहिल्या रांगेतून उठलीस. हिरवा कोट. तू सगळ्यांच्या आधी येऊन बसली होतीस.

“पॉलेट केस्लर, ऑर्चर्ड लेन,” म्हणालीस, आणि हातातला कागद घडी करून खिशात टाकलास. तिथं माझा जीव गेला. मला वाटलं, विसरली.

“जानेवारीत ह्याच खोलीत तुम्ही मला एक फोटो दाखवलात,” तू म्हणालीस. “विचारलंत, ही खुर्ची कुणाची. मी सांगितलं. आमच्या आईची.”

अध्यक्ष म्हणाले, “मिसेस केस्लर, ही वैयक्तिक बाब इथं…”

“माझी मिनिटं चालू आहेत, टॉड. तुझं घर विकायला चार महिने लागले, तेव्हा मी तुला मध्ये थांबवलं नव्हतं.”

लोक हसले. तू नाही हसलीस.

“खुर्ची कुणाची ते मी सांगितलं. आता तुम्ही सांगा, मुलगी कुणाची. तुमची असेल तर तिला जानेवारीत बाहेर का काढलंत? तुमची नसेल तर तिचं नाव भिंतीवर का? तिच्या प्रवेशाच्या कागदावर माझी सही आहे, ती खोटी होती, त्याचं काय करायचं ते करा. पण दोन्हींपैकी एक लिहून द्या. कुठलंही चालेल. ‘ती आमची आहे, तिला काढलं ही चूक झाली’ असं द्या, नाहीतर ‘ती आमची नाही’ असं द्या. मुदत सोमवारी आहे.”

आणि बसलीस. समोरच्या घड्याळात तुझा वेळ उरला होता. नियमाप्रमाणे तो संपेपर्यंत पुढचं नाव पुकारता येईना, म्हणून सगळी सभा त्या आकड्यांकडे बघत गप्प बसली. तू समोर बघत होतीस. बील्सची मान मला मागून दिसत होती, कानांपर्यंत लाल. वकील त्यांच्याकडे झुकून काही सांगत होता आणि ते मान हलवत नव्हते. लिडियानं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

बाहेर व्हरांड्यात तो फोटोवाला भेटला. सभेला बंदोबस्ताला ठेवला होता. मला म्हणाला, “खुर्ची चांगली होती. आमच्याकडे असलीच होती, लाल.”

“मग फोटो कशाला काढलास?”

“पगार मिळतो,” तो म्हणाला. बुटांकडे बघत होता. दवाखान्यात मीही तेच करते.

काल दुपारी शाळेत कागद आले. वर एक ओळ: ‘लिडिया व्हार्गो ही आमची विद्यार्थिनी नाही.’ पो यांनी ती फोनवर मला तीनदा वाचून दाखवली. असलं वाक्य ऐकून एवढा आनंद कुणाला झाला नसेल. मिसेस टिब्सनी सही केली आणि पाकीट स्वतः टपालात टाकलं.

मी आता तुझ्यावर रागावलेली नाही असं लिहायला बसले होते. ते खरं नाही. खुर्ची इव्हॉनकडे असते, हे तू का म्हणालीस, त्याचा राग आहे. पण आता तो घरातला आहे.

इव्हॉन


८ डिसेंबर

पॉली,

फलकाची खालची पट्टी कापली आहे. कात्रीनं, वाकडी. ‘सतरा’वर ‘सोळा’ चिकटवलंय, ते एका कोपऱ्यातून सुटलंय. ‘हेरल्ड’मध्ये आलं, ‘हॅलोवे आणि ब्रूकडेल बरोबरीत’. डकेट्स रनची एक आहे, हे कुठेही आलं नाही. पुढच्या सप्टेंबरात त्यांचे पुन्हा पंधरा-सोळा येतील आणि बील्स पुन्हा जेवणाच्या टेबलाबद्दल सांगतील. ते वाचून मी पुन्हा भडकेन, तयारीत राहा.

दवाखान्यातल्या त्या दोघी परवा आल्या होत्या. कॉनरला तारीख मिळाली. ह्या वेळी मी हसले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

लिडियाचा शेवटचा निकाल फेब्रुवारीत आहे. लागेल किंवा नाही. तोवर ती शनिवारी शाळेत जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसते, दहावीची नऊ-दहा पोरं येतात, पो त्यांच्यासाठी डोनट आणतात. मिसेस टिब्सनी पुढच्या वर्षीची चाचणी शाळेच्या वेळात घेण्याची परवानगी काढली. त्यासाठी त्यांनी आपल्या बोर्डासमोर एवढंच म्हटलं म्हणे, “मला पुन्हा बाकावर बसवू नका.”

तुझी दोन गिऱ्हाईकं गेली, हे दवाखान्यात कळलं. तू सांगितलं नाहीस. नवी पत्रकंही पाहिली. गुलाब आहेत, आकडा नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला या, तू आणि वॉरन. हलुश्की मी करते. तुझं भांडं मी परत देत नाहीये, ते लागेल.

काल रात्रीपासून बर्फ पडतोय. सकाळी मी घरासमोर दोन जागा उपसल्या. एका जागेत माझी गाडी आहे. दुसरीत आईची खुर्ची ठेवली आहे आणि तुम्ही येईपर्यंत पडेल तेवढा बर्फ रोज उपसत राहणार आहे. आलीस की खुर्ची उचल, पायरीवर ठेव आणि गाडी लाव. कुणी विचारलं जागा कुणाची, तर ह्या वेळीही खरं तेच सांग.

इव्हॉन